फॉरमॅट मारण्याआधी

विंडोज १० ला मिळणारी नेहमीची सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो आहे. घरातला लॅपटॉप विंडोज ११ वर न्यायचा आहे. दुकानदार म्हणतो, "ठेवून जा, फॉरमॅट मारून नवीन टाकून देतो." कॉलेजात जाणारा मुलगा म्हणतो, "अब्बा, आहे त्यावरच चढवता येतं, काही पुसावं लागत नाही." ऐकायचे कोणाचे?

आमचे मत आधीच सांगून टाकतो. मशीन नीट चालत असेल आणि त्यातले विंडोज अस्सल असेल, तर मुलाचे ऐकावे. दुकानदाराचे म्हणणे चार-पाच ठराविक परिस्थितींत बरोबर ठरते, त्या पुढे येतीलच. मात्र कोणताही रस्ता धरा, त्याआधी घरातल्या फाइलींची एक प्रत लॅपटॉपच्या बाहेर, दुसऱ्या डिस्कवर गेलेली असली पाहिजे. ही अट दोन्ही रस्त्यांना सारखीच लागू आहे आणि बहुतेक घरांत नेमकी तीच पाळली जात नाही.

आहे त्यावर चढवताना आत काय घडते ते थोडक्यात पाहू. नवे विंडोज जुन्या विंडोजला 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरात सरकवून ठेवते, स्वतःच्या फाइली बसवते आणि मग जुन्यातले प्रोग्राम, त्यांच्या सेटिंग, घरातल्या प्रत्येकाचे खाते, डेस्कटॉपवर लावलेले चित्रसुद्धा नव्या जागी आणते. या कामात मशीन अनेकदा आपोआप बंद होऊन सुरू होते. टक्क्यांचा आकडा कधी कधी एकाच जागी अर्धा तास अडून बसतो. तेव्हा घाबरून बटण दाबून मशीन बंद करू नये. काम संपल्यावर नवे पटले नाही, प्रिंटर चालेना किंवा एखादा प्रोग्राम रुसला, तर सेटिंग्जमधल्या सिस्टिम आणि त्यातल्या रिकव्हरी या पानावर 'गो बॅक' असते. ते दाबले की जुने विंडोज परत येते. ही सवलत फक्त १० दिवसांची. त्यानंतर जुने फोल्डर आपोआप पुसले जाते. म्हणून या १० दिवसांत जागा मोकळी करण्याच्या नादात डिस्क क्लीनअप चालवून ते फोल्डर स्वतःच्या हाताने उडवू नका.

नव्याने टाकणे हा सरळसोट प्रकार आहे. किमान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज घ्यायचे, मशीन त्यावरून सुरू करायचे, डिस्कवरचे भाग पुसायचे आणि कोऱ्या पाटीवर सुरुवात करायची. यात 'गो बॅक' नाही. पुसले ते पुसले.

मग दुकानदारांना फॉरमॅटची एवढी आवड का? त्यांच्यावर उगाच रोष नको, या सवयीला इतिहास आहे. विंडोज ९८ आणि एक्सपीच्या काळात मशीन दीड-दोन वर्षांत रडकुंडीला यायचे आणि फॉरमॅट हाच खात्रीचा इलाज होता. पुढे २००९ मध्ये विंडोज ७ आले, तेव्हा एक्सपीवरून त्यावर थेट चढण्याची सोयच ठेवलेली नव्हती. सगळ्यांना नव्यानेच टाकावे लागले. कारागिरांची एक अख्खी पिढी त्या कामावर तयार झाली. चित्र बदलले ते २०१५ मध्ये. विंडोज १० आले आणि ७ किंवा ८.१ वापरणाऱ्यांना पहिले वर्षभर ते फुकट, आहे त्यावरच चढवता आले. तेव्हापासून हा रस्ता पुष्कळ पक्का झाला आहे. दुकानदाराच्या बाजूनेही एक गोष्ट खरी आहे. त्याला दिवसाला दहा मशीन हातावेगळी करायची असतात. फॉरमॅटला किती वेळ लागेल ते त्याला ठाऊक असते. तुमच्या मशीनमध्ये आठ वर्षांत काय काय साचले आहे ते शोधत बसायला त्याला सवड नसते.

"पण फॉरमॅट केल्यावर मशीन पळतं हो," असे एका भगिनींनी लिहिले आहे. पळते, यात शंका नाही. पण का पळते ते पाहा. मशीन सुरू होताना जे पंधरा-वीस प्रोग्राम गुपचूप सुरू व्हायचे, ते फॉरमॅटनंतर नसतात. दोन महिन्यांत तेच प्रोग्राम परत येतात आणि वेगही पूर्वपदावर येतो. त्यापेक्षा कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात स्टार्टअपचे पान आहे. ओळखीच्या आणि रोज न लागणाऱ्या प्रोग्रामांना तिथे 'डिसेबल' करा. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर तो रिकामा करा. एवढ्याने फरक पडला नाही आणि आत अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर दोष बहुतेक तिचा आहे. अशा मशीनला दहा वेळा फॉरमॅट मारले तरी ते म्हातारेच राहणार.

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्या ओळखीच्या एका घरात मागच्या वर्षी लॅपटॉप असाच दुकानात दिला गेला. देताना विचारणा झाली, "डेटा आहे का काही?" घरातल्या थोरल्या मुलाने सांगितले, "सगळा डी ड्राइव्हला आहे, सी उडवला तरी चालेल." दोन दिवसांनी मशीन आले, चकचकीत, वेगवान आणि रिकामे. बहिणीच्या निकाहचे फोटो गेले. अब्बा-अम्मींच्या उमराहचे गेले. आणि दादींनी आजारपणात नातवंडांसाठी सांगितलेल्या लहानपणच्या गोष्टी कोणीतरी मोबाइलवर रेकॉर्ड करून त्या लॅपटॉपवर उतरवल्या होत्या, त्याही गेल्या. निकाहचे काही फोटो नातेवाइकांच्या फोनमधून गोळा झाले. दादींचा आवाज दुसऱ्या कोणाकडे नव्हता. दादी तर आधीच्या वर्षीच अल्लाहला प्यारी झाल्या होत्या.

हे कसे होते ते समजून घेण्यासारखे आहे. सी आणि डी हे बहुतेक घरांत दोन वेगळे डबे नसतात. एकाच डिस्कवर आखलेल्या त्या दोन खोल्या असतात. विंडोज नव्याने टाकताना जो पडदा समोर येतो, त्यावर सी, डी ही अक्षरे दिसत नाहीत. तिथे 'डिस्क झिरो पार्टिशन वन', 'पार्टिशन टू' अशी रांग असते आणि शेजारी जीबीचे आकडे. घाईत असलेला माणूस एकामागून एक सगळे भाग डिलीट करतो, कारण त्याच्या दृष्टीने तेच स्वच्छ काम. त्याने डी वाचवायचे ठरवले तरी आकडे वाचून अंदाजानेच वाचवायचे असते. शिवाय 'सगळा डेटा डीला आहे' हे वाक्य आम्ही तपासले तेव्हा क्वचितच खरे निघाले आहे. डेस्कटॉपवर ठेवलेली प्रत्येक गोष्ट सी मध्ये असते. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स हेही सी मध्येच. व्हॉट्सॲप वेबवरून उतरवलेले दाखले, निकालपत्रे, भाडेकरार सगळे डाउनलोड्समध्ये पडून असतात. ते तिथून कोणी हलवलेले नसते.

डिस्क पुसल्यानंतर फाइली परत मिळवून देणारे कारागीर आहेत. पण जुन्या फाइलींच्या जागेवर नवे विंडोज लिहिले गेले असेल तर तेवढे गेलेच. एसएसडीचे तर आणखी अवघड, कारण पुसलेली जागा ती स्वतःहून आतून साफ करते. तेव्हा ती आशा धरून बसू नये. बाहेरची एक यूएसबी हार्ड डिस्क घरात असावी. तिच्यावर प्रत घेतल्यानंतर ती दुसऱ्या मशीनला लावून पाच-सहा फोटो आणि एखादा व्हिडिओ उघडून बघावा. नुसती नावे दिसली म्हणजे प्रत झाली असे नव्हे.

फाइली वाचल्या तरी नव्याने टाकताना काही गोष्टी मागे राहतात. त्या आठवतात मात्र आठ दिवसांनी. आपल्या घरांत त्यातली पहिली म्हणजे फॉन्ट. ज्यांच्याकडे इनपेजमध्ये उर्दू मजकूर आहे, पत्रिका किंवा मदरशाचे कागद आहेत, त्यांनी इनपेजची सीडी किंवा सेटअप कोठे आहे ते आधी शोधावे. मराठीचेही तेच. कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत टाइप केलेली फाइल त्या फॉन्टशिवाय उघडली तर समोर निरर्थक अक्षरांची खिचडी दिसते. मजकूर शाबूत असतो, पण वाचता येत नाही. युनिकोड वापरणाऱ्यांचीही छोटी गंमत होते. मंगल, अपराजिता, कोकिळा हे देवनागरी फॉन्ट आणि उर्दू टाइपसेटिंगसारखे फॉन्ट विंडोज ११ च्या कोऱ्या इन्स्टॉलमध्ये हजर असतीलच असे नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन मराठी, हिंदी किंवा उर्दू भाषा जोडली की ते इंटरनेटवरून उतरतात. तोवर मंगलमध्ये केलेला अर्ज दुसऱ्याच फॉन्टमध्ये उघडतो, ओळी सरकतात आणि एका पानाचा मजकूर दीड पान होतो. बाहेरून आणून टाकलेले फॉन्ट मात्र असे आपोआप येत नाहीत. सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात फॉन्ट्स नावाचे फोल्डर आहे. फॉरमॅटआधी त्याची प्रत घेतली तर पुष्कळ डोकेदुखी वाचते.

दुकान असलेल्या घरांनी आणखी दोन गोष्टी बघाव्यात. टॅलीचा डेटा कोणत्या फोल्डरात जातो ते टॅलीतच पाहून लिहून घ्या, आणि परवाना 'सरेंडर' करून मगच डिस्क पुसा. नाहीतर नव्या विंडोजवर तो परत चालू करताना अडचण येऊ शकते. जीएसटीसाठी डिजिटल सहीची यूएसबी वापरत असाल तर तिचा ड्रायव्हर लागतो. रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी तो शोधणे काही सुखाचे नसते.

आणि वाय-फाय. नव्याने टाकलेल्या विंडोजला कधी कधी लॅपटॉपचे वाय-फाय कार्ड ओळखता येत नाही. त्याचा ड्रायव्हर इंटरनेटवर असतो आणि इंटरनेटसाठी तोच ड्रायव्हर हवा असतो! तो आधीच उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवावा.

आहे त्यावर चढवताना यातले जवळपास काहीच करावे लागत नाही. आमचा कौल तिकडे झुकतो तो यामुळेच. फाइलींची प्रत कोणीही घेईल. पण आठ वर्षांत बसवलेले प्रोग्राम, परवाने, फॉन्ट, प्रिंटरची जुळणी यांची यादी कोणाकडेच नसते.

तरीही फॉरमॅटच योग्य असे प्रसंग आहेत. सर्वांत मोठा म्हणजे चोरीचे विंडोज. दुकानातून मशीन आणले, 'विंडोज टाकलेलं आहे' असे सांगितले गेले, आणि प्रत्यक्षात एखाद्या ॲक्टिव्हेटरने ते चालू केलेले असते. हे ॲक्टिव्हेटर चालवायचे तर आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो. मग त्याच्याबरोबर आत काय शिरले ते कोण सांगणार? त्यावर विंडोज ११ चढवले तर आत जे काही दडले असेल तेही नव्यात येण्याची शक्यता राहते. ज्या मशीनवर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाइप करता तिथे ही जोखीम नको. तिथे पुसूनच टाकावे आणि अस्सल परवाना घ्यावा. सेकंड-हॅंड घेतलेल्या मशीनचेही तेच. आधीच्या मालकाने काय काय बसवले होते ते आपल्याला माहीत नसते. व्हायरस एकदा खोल रुतला असेल तरी पुसणेच बरे.

इथे एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. तुमचे विंडोज १० अस्सल असेल तर फॉरमॅटनंतर नवी 'की' विकत घ्यावी लागत नाही. परवाना त्या मशीनच्या हार्डवेअरशी, मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेला असतो आणि तो विंडोज ११ लाही चालतो. इन्स्टॉल करताना 'माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही' हा पर्याय निवडायचा आणि होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो, हीच जात कायम ठेवायची. इंटरनेट मिळाले की ते आपोआप अस्सल म्हणून नोंदले जाते. होम असताना दुकानदाराने प्रो टाकले की गाडी अडते, आणि मग 'की' चे पैसे मागितले जातात.

तिसरा प्रसंग ३२ बिट विंडोजचा. विंडोज ११ फक्त ६४ बिट आहे आणि ३२ वरून ६४ वर थेट चढता येत नाही. प्रोसेसर ६४ बिटचा असला तरी पुसूनच टाकावे लागते. तुमचे कोणते आहे ते सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट या पानावर लिहिलेले असते.

आणि चौथा प्रसंग आम्हाला सर्वांत आवडणारा: फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवणे. नव्याने टाकायचेच असेल तर हा मुहूर्त साधावा. नव्या एसएसडीवर कोरे विंडोज, आणि जुनी डिस्क जशीच्या तशी बाहेर. तिला यूएसबीचे केसिंग घालून कपाटात ठेवली की आठ दिवसांनी आठवलेला फॉन्ट, महिन्याने आठवलेली फाइल सगळे तिच्यात सापडते. मशीनही खरोखरच वेगवान होते. दुकानदाराला एवढेच बजावायचे की जुनी डिस्क परत हवी. ती तिथे विसरू नका, त्या डिस्कवर तुमचे सगळे घर आहे.

मशीन बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर मात्र तिची ४८ अंकी चावी आधी काढून घ्या. मायक्रोसॉफ्ट खात्याने उघडणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपांत हे कुलूप मालकाला न कळत लागलेले असते. चावी त्याच खात्यात जमा असते. ती कागदावर उतरवून घरातल्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवावी. मुलाच्या ई-मेलवरून खाते काढले होते आणि मुलगा आता दुबईला आहे, अशी अवस्था बऱ्याच घरांत असते.

आहे त्यावर चढवायचे ठरले तर तयारी फार नाही. मायक्रोसॉफ्टचा 'पीसी हेल्थ चेक' हा फुकट प्रोग्राम मशीन पात्र आहे की नाही ते सांगतो. त्याला ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते. इंटेलचे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर साधारणपणे चालतात. टीपीएम नाही असा शेरा आला तर लगेच निराश होऊ नका. २०१८ नंतरच्या बऱ्याच मशीनमध्ये ती असते पण बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. इंटेलवर तिचे नाव पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम. कारागिराला एवढे सांगितले की तो चालू करून देईल, आणि याला फॉरमॅट लागत नाही.

सी ड्राइव्हवर २५-३० जीबी मोकळे करा. बाहेरून घेतलेला अँटिव्हायरस तेवढ्यापुरता काढून टाका, प्रिंटर आणि पेन ड्राइव्ह उपसून ठेवा. उतरवायचे विंडोज पाच-सहा जीबीचे असते, मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीत ते बसत नाही. ब्रॉडबँड असलेल्या नातेवाइकाकडे मशीन घेऊन जाणे सोपे. लॅपटॉप चार्जरला लावलेला असावा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर ज्या दिवशी वीज जायची असते तो दिवस टाळा. आणि मुलांच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या आठवड्यात तर याला हातच लावू नका.

सेटअप चालू झाल्यावर एका पडद्यावर 'काय ठेवायचे' असे विचारले जाते. फाइली आणि ॲप दोन्ही, फक्त फाइली, किंवा काहीच नाही. घाईत पुढे-पुढे दाबणारे बोट इथे थांबवायचे. 'फाइली आणि ॲप' हा पर्याय फिकट पडून निवडता येत नसेल तर तिथेच बाहेर पडा, सहसा आणलेल्या विंडोजची भाषा किंवा जात वेगळी असते.

एका निवृत्त शिक्षकांनी विचारले आहे की त्यांचा २०१३ चा डेस्कटॉप अपात्र ठरला, दुकानदार 'जुगाड करून' विंडोज ११ टाकून देतो म्हणतो, टाकू का? सर, अशा जुगाडाला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि अपडेटसाठीच तर हा सगळा खटाटोप आहे. घाई असण्याचे कारणही नाही. विंडोज १० साठी वाढीव सुरक्षा-अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग इन करून सेटिंग्जची प्रत त्या खात्यात ठेवायला परवानगी दिली की ती फुकट मिळते. विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसेल. तोवर तुमचे जुने प्रश्नसंच आणि उर्दू-मराठी टिपणे बाहेरच्या डिस्कवर घ्या. लिनक्स मिंट त्या मशीनवर कसे चालते ते पेन ड्राइव्हवरून, काहीही न पुसता, वापरून बघता येते. त्याची कृती पुढच्या अंकात देतो.